एक इंच

सिरॅक्यूजला एप्रिल संपता संपता जमीन सैल होते.
त्या शनिवारी ऋजुतानं जुन्या डेकची पहिली फळी उचकटली
आणि अठरा वर्षं फटींतून पडत राहिलेलं सगळं उघड्यावर आलं:
नाणी, एक चमचा, बॅडमिंटनचं मळकं फूल,
माझ्या चष्म्याची एक काडी,
आणि जिच्यावरून शुभांगी दोन दिवस बोलली नव्हती
ती कुडी.
मोती अजून पांढरा.

माझ्या हातून आयुष्यात एक खिळा सरळ गेला नाही.
मिरजेला खाट करकरली की गणपत सुतार यायचा,
कानावर पेन्सिल, तोंडात दोन खिळे, म्हणून बोलणं कमी.
रंध्यातून पडणाऱ्या कुरळ्या ढलप्या
आम्ही पोरं खिशात भरून न्यायचो.
या फळ्यांना ढलप्या नाहीत.
भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र वितळवून केलेल्या त्या;
करवतीखाली राखाडी चुरा पडतो, त्याला वास नाही.
"कुजत नाही, बाबा. पंचवीस वर्षांची हमी."
मी मनात बेरीज केली:
सत्याऐंशी.

माझं काम दुसरं टोक धरायचं.
वर घे. थोडं खाली. तुझ्याकडे ओढ. थांब.
नोव्हेंबरात दोन बॅगा घेऊन ती परत आली
त्यानंतर इतकं सलग बोलणं आमच्यात आजच.
काय झालं, मी एकदा विचारलं होतं.
"नंतर," म्हणाली होती.
ते नंतर अजून आलेलं नाही.

फळीला फळी भिडवायची नाही, तिनं शिकवलं.
दोघींमध्ये क्लिप बसते, क्लिपएवढी जागा राहते.
टोकांशी मात्र हवेचा अंदाज घ्यायचा,
गारठ्यात लावत असशील तर जास्त सोड,
जुलैत ही लांबते, आणि जागा नसली
की मधूनच उचलते पाठ.
हे सांगताना ती फळीकडेच पाहत होती.

मग खांब.
चौकटीला आतून ठोकळे, आरपार बोल्ट,
नट आवळताना तिच्या दंडाची शीर उभी राहिली.
सगळं अंग टाकून रेलली खांबावर; मी डोळे मिटले.
"आता तू."
हलला नाही.

गजांमधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये.
"का बरं?"
"बाळाचं डोकं अडकू नये म्हणून," ती म्हणाली,
आणि मग एक स्क्रू शोधत राहिली
गवतात, बराच वेळ.
डबा भरलेला होता. मी काही बोललो नाही.

पायऱ्यांचं गणित माझ्याकडे होतं.
एकतीस वर्षं लोकांचे ताळेबंद जुळवले,
साडेसदतीस भागिले पाच, त्यात काय.
साडेसात, मी पाकिटाच्या पाठीवर लिहिलं,
खाली दोन रेघा मारल्या.
तिनं तशा खाचा कापल्या, फळ्या बसवल्या,
आणि संध्याकाळी पहिल्याच पायरीला
माझा अंगठा थडकला.

कागदावरच्या पायरीला जाडी नसते.
वर बसलेल्या फळीचा इंच मी धरलाच नव्हता:
खालची पायरी इंचानं उंच,
सगळ्यात वरची इंचानं बुटकी,
मधल्या बिचाऱ्या बरोबर.
पायाला कळलं ते मला कळलं नाही.

ती रागावेल असं वाटलं.
तिनं ड्रिल उलटं फिरवलं.
एक एक स्क्रू जसा गेला तसा बाहेर आला,
रविवारभर दोघं वाकलो,
बुडातून इंच कापला,
जिना पुन्हा टेकवला.
"पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं," एवढंच.

आता पाचही सारख्या.
नगरपालिकेची बाई टेप लावून गेली, सही करून गेली.
पण पहिल्या पायरीवर माझा पाय
अजून इंचभर जास्तच उचलतो,
नसलेली उंची ओलांडतो.
ऋजुता दारातून बघते, हसत नाही, असंही नाही,
आणि कानावरची पेन्सिल तशीच विसरून
कुकर लावायला आत जाते.