मून्नूर ऐवत्तु

खडे बाजारात इराप्पाच्या दुकानात
काचेखाली तीन चाकू.
एक चाळीसचा, हिरव्या मुठीचा, पात्यावर वाघ छापलेला.
एक अठराशेचा, परदेशी, मखमलीत निजलेला,
तो दाखवायच्या आधी इराप्पा माझ्या नखांकडं बघतो.
आणि मधला.
त्याच्यावर ना वाघ, ना नाव.

"एष्टु?"
"मून्नूर ऐवत्तु."
मी मनात साडेतीनशे म्हणून बघतो,
परत कन्नडात म्हणून बघतो.
दोन्हीकडनं महागच.

मी काजूची कलमं बांधतो, जांबोटीच्या वरल्या अंगाला.
एका कलमाला सहा रुपये,
लागलं तर.
वाळलेल्याचे पैसे कोण देतंय?

गेल्या साली वाघाचाच घेतला होता.
तिसऱ्या दिवशी पातं मुठीत डुलाय लागलं,
पोराच्या दुधाच्या दातासारखं.
कापत नव्हतं, चावत होतं.
दोनशे कलमांत तीस जातातच, ती देवाची.
त्या साली एकशे दहा गेली,
काळी पडली, विझलेल्या वातींसारखी रांगेनं उभी.
जास्तीची ऐंशी, सहानं गुणा,
वर चाकूचे चाळीस घाला.
पाचशे वीसला पडला मला तो वाघ.

मष्णूमामानं शिकवलं हे काम.
त्याच्याकडं न्हाव्याचा जुना वस्तरा होता,
मोडलेला, बाभळीच्या मुठीत बसवलेला,
दोन पायली तांदूळ देऊन घेतलेला.
काडीला पाचर करताना म्हणायचा,
एकदाच काप. दुसऱ्यांदा कापलंस
तर झाडाला कळतं, हा नवखा आहे.
त्या दोन पायलीचे आज किती होतील,
मी विचारलं नाही, तो गेला.
वस्तरा त्याच्या लेकानं भंगारात घातला,
वजनावर.

मधला चाकू कुणाचा, विचारलं.
उद्यमबागेतला दस्तगीर करतो म्हणे,
करवतयंत्राची झिजलेली पाती घरी नेतो,
शिफ्ट संपल्यावर घासत बसतो.
म्हटलं, मुळाशीच जावं, मधले पैसे वाचतील.
बसला बारा रुपये घातले.

शेडच्या मागं दस्तगीर चहा पीत होता.
बोटांच्या पेरांत लोखंडाचा काळा, धुऊन न जाणारा.
त्यानं माझ्या तळहातावरचे चीक लागून भाजलेले डाग बघितले,
मी त्याचे बघितले.
"अडीचशे," मी म्हटलं.
"साडेतीनशे."
"इराप्पाला कितीला देतोस?"
"तीनशेला."
"मग मला पन्नास जास्तीचे कशाला?"
"धार लावून द्यायचे. मरेपर्यंत."
"कुणाच्या?"
तो थोडा थांबला. "चाकूच्या," म्हणाला,
आणि चहाचा गाळ मातीत ओतला.

मी दोनशे दिले.
उरलेले दीडशे कलमं लागल्यावर, असं म्हटलं,
आणि म्हटल्या म्हटल्या लाज वाटली,
कारण हेच मला बागवाले ऐकवतात,
आणि मी मान डोलावतो.
त्यानंही डोलावली.
बिल नाही, सही नाही.
पातं मिटताना एकच आवाज झाला,
कडी नीट बसल्याचा.

आता सव्वीस दिवस झाले.
खुंटाच्या फटीत काडी बसलीय,
प्लास्टिकच्या पट्टीखाली काय चाललंय ते दिसत नाही.
सकाळी वाकून बघतो.
पहिल्या ओळीत सात डोळे फुगलेत, तांबूस,
आठवा फसवणार वाटतंय.

काल घरी आलो तर लेक त्याच चाकूनं
पेन्सिल टोकत बसलेली, कन्नडच्या वहीवर छिलके.
ओरडायला तोंड उघडलं.
एवढं लांब टोक, तरी मोडलेलं नव्हतं.
मी तसाच उभा राहिलो,
खिशातले दीडशे चाचपत,
ते अजून माझे नाहीत,
त्याचेही नाहीत.