अर्धा पाय

आवाज सोमवारी येतो, मंगळवारी येत नाही.
सर्जेकोटला येतो, कुंभारमाठला येत नाही.
बस्त्यावच्या गॅरेजच्या दारात तर कधीच नाही.
तिथं गाडी उभी राहते
दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरलेल्या पोरासारखी.

कसलो आवाज, बाय?
बारीक. चिरका. टिटवीसारखा नाही, तसा... थांबा,
खोबरं खवताना शेवटी खवणीला करवंटी लागते ना,
तसा.
खोबरा संपला असतला, बस्त्याव म्हणाला,
आणि हसला नाही.

पहिल्या खेपेला त्यानं गिअरबॉक्सचं तेल काढलं.
काळं, आणि तळाला चिमूटभर चंदेरी चुरा.
एवढो चालता.
दुसऱ्या खेपेला गाडी वर उचलली,
चाकं हवेत फिरली, पहिला, दुसरा, थेट पाचवा,
त्याचा भाचा इनास लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून
गाडीखाली आडवा.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, समुद्र आयकाक येता, मामा.

तिसऱ्या खेपेला बस्त्याव स्वतः बसला चालवायला.
ओझरपर्यंत गेलो आणि आलो.
क्लच दाबला की पुरता दाबायचा,
सोडला की पाय उचलून बाजूला.
कोळंबच्या पुलावर मागच्या सीटवरून किणकिण आली,
तो एकदम म्हणाला, ता काय वाजता?
मी म्हटलं, रक्त.
बर्फाच्या डब्यात बारा नळ्या,
तोंडवळीच्या खोबरेकरांची साखर,
हडीच्या द्रौपदीबाईंचं हिमोग्लोबीन,
अकरा वाजायच्या आत लॅबमध्ये पोचायला हवं होतं.
तो गप्प झाला. गाडी आधीपासूनच गप्प होती.

चौथ्या खेपेला म्हणाला, तूच चालव.
बाजूला बसला, आणि सगळा रस्ता
रस्त्याकडे पाहिलं नाही.
माझ्या पायांकडे पाहिलं.
मला लाज वाटली, टाचा फुटलेल्या,
आणि नेमका तेव्हाच आवाज आला.

पाय काढ.
गेला.
आता पुरो दाब.
गेला.
आता ठेव, जसो रोज ठेवतंस तसो.
आला.

गाडी कडेला घ्यायला लावून त्यानं माझी डावी चपल मागितली.
उलटी केली.
अंगठ्याखाली रबर झिजून
पेडलच्या रेघा उमटल्या होत्या, एकेक मोजता येईल अशी.
उजवी चपल जवळपास नवी.

दाबलंस तर गप. सोडलंस तर गप.
अर्ध्यार ठेवलंस की आराडता.
त्या बेरिंगाक ना धड काम, ना धड सुट्टी.

सहा वर्षांपूर्वी ओझरच्या चढावर
गाडी मागं घरंगळली होती, जेमतेम हातभर.
मागं शाळेच्या पोरांची रिक्षा.
ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही,
पोरं उलट टाळ्या वाजवत होती.
मी हे घरी सांगितलं नव्हतं.
बस्त्यावलाही नाही सांगितलं.
डाव्या पायाला मात्र माहीत होतं,
तो तेव्हापासून तिथंच होता, सपाट रस्त्यावरसुद्धा.

दोन दिवस गाडी उघडी पडली होती.
प्लेट, बेरिंग, आणि एक फोर्क, खाऱ्या हवेनं गंजलेला.
पैसे त्यानं दोन हप्त्यांत घेतले.
आता पेडलच्या बाजूला मॅटवर
एक सपाट, रिकामी जागा आहे.
पाय तिथं बसतो, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखा,
अंग चोरून.
ओझरला हँडब्रेक ओढते. एकदा इंजिन बंद पडलं.
मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, वाजवू दिला.

जुनं बेरिंग इनासनं पेपरात गुंडाळून दिलं होतं,
भंगारात घाल म्हणाला.
ते लॅबच्या खिडकीत आहे, रिपोर्टांवर वजन म्हणून.
फावल्या वेळात बोटानं फिरवून बघते.
कधी वाजतं.
कधी वाजत नाही.