पोकळ हात

सपाट मारायचा नाही, हिरेमठ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
हात असा, पोकळ,
ओढ्याचं पाणी प्यायला धरतो तसा,
फक्त पालथा.
जन्मभर मी भाकरीचा हात शिकले.
आता हा दुसरा.

भैरू उशीवर उपडा. वय नऊ, वजन सहाचं.
सकाळी वीस मिनिटं, दिवे लागल्यावर वीस,
टप् टप् टप्,
धान्य संपलेल्या डब्यावर वाजवावं तसं.
मग तो खोकतो.
वाटीत काकवीच्या तळचा गाळ असावा
तसला तांबूस तुकडा.
आधी पांढरं यायचं. त्याची सवय झाली होती.

बुरशी म्हणजे मला लोणच्याच्या बरणीवरची,
जांबोटीच्या ओलीत
पेटीतल्या शालूच्या घडीवर चढणारी.
ती छातीत कशी शिरेल?
बाईंनी कागदावर झाड काढलं, उलटं, फांद्या खाली.
म्हणाल्या, बुरशी थोडीच आहे,
भांडण मोठं आहे.
त्याचं अंगच तिच्याशी भांडत बसलंय.
हे मात्र मला लगेच कळलं.
आम्ही सीमेवरची माणसं.

फुंकायच्या यंत्रापाशी पोरगा सांगतो,
उसिरु एळ्को, एळ्को, एळ्को... बिडु!
श्वास पुस्तकातला, दम घरातला,
उसिरु बेळगावच्या दवाखान्यातला.
तिन्ही मिळून
माझ्या पोराला पुरत नाहीत.

ह्यांनी परसातली पिंजराची व्हळी हलवली,
दिराच्या रानात नेऊन रचली.
गाय पण गेली मागोमाग.
भैरू दोन दिवस गोठ्याकडं तोंड करून जेवला.
गोळ्यांनी भूक मात्र भलती वाढली,
गाल फुगले.
खानापूरच्या बसमध्ये एक बाई म्हणाली,
बाळसं छान धरलंय हो.
मी होय म्हटलं. तिकीट दाखवलं.

रात्री झोपला की कपाळाचा मुका घेते.
खारट.
जन्मल्या दिवशी लागलं होतं तेवढंच,
सासूबाई म्हणालेल्या, दृष्टीचं मीठ राहिलं असेल पुसायचं.

आज पहाटे तो खिडकीशी उभा.
पलीकडं रानात, थंडीत,
व्हळीतून वाफ निघत होती.
आई, बघ, तिला ताप आलाय.
मी खिडकी लावली.
असू दे, म्हटलं.
ये, उपडा हो.