शेपटीमागची जागा

गाडी जपानची, जुनी. स्टिअरिंग उजवीकडे,
आणि आमची वाहतूकही उजवीकडूनच.
म्हणजे मी बसते खड्ड्याच्या कडेला
आणि जग धावतं रिकाम्या सीटपलीकडून.
सुरू केली की एक बाई जपानीत काहीतरी सांगते.
तीन वर्षं झाली, काय सांगते कोण जाणे.
मी म्हणते, हो बाई, हो.

डाव्या आरशाच्या कडेला मात्र एक दिवा आहे,
मसुरीएवढा, नारिंगी.
त्याला भाषा लागत नाही.

पहाटे साडेचारला उलानबातरहून नलाइखला पाव नेते.
उणे एकतीस.
मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत दिव्याचे डोळे आहेत,
गॅरेजवाल्या सोद्नोमने दाखवले होते,
तिथे बर्फाचा चिखल थापलेला असतो.
थर्मासभोवती गुंडाळून ऊन केलेल्या फडक्याने पुसते.
सोद्नोम हसतो, पोराचं तोंड धुतेस की काय?

बाबांचे घोडे होते, सव्वीस.
म्हणायचे, घोड्याला सगळं रान दिसतं,
दोन जागा सोडून:
नाकापुढची वीतभर,
आणि शेपटीमागची.
मागून जायचं तर बोलत जा, त्सेंदमा.
काहीही बोल. शिव्या दिल्यास तरी चालेल.
माझा भाऊ एकदा गप्प गेला.
त्याचे दोन दात अजून त्या गवतात असतील.

परवा पुलाजवळ पुढचा कोळशाचा ट्रक रांगत होता.
आरसा पाहिला: काळोख.
मान वळवली: गोठलेली काच, माझ्याच श्वासाची.
डावा सिग्नल दिला
आणि दिवा लुकलुकायला लागला,
टिंग टिंग टिंग,
जशी कुणी बाही ओढावी.
हात होते तिथेच राहिले.
त्या रिकाम्या काळोखातून निघून गेली
एक छोटी गाडी, दिवे न लावलेली,
टपावर दोरीने बांधलेला पाळणा,
मागच्या काचेला टेकलेला
कुणाच्या तरी टोपीचा लाल गोंडा.

त्यांना कळलं नाही. कळण्यासारखं काही घडलंच नाही.

खोटंही बोलतो तो. कठड्याला गाडी समजतो,
जोराच्या हिमात उगाच दचकतो.
म्हणून मान वळवणं मी सोडलेलं नाही,
काच खरवडणंही.

पण हल्ली परतताना
पुढची गाडी जुनी दिसली,
आरशात दिवा नसेल अशी,
तर तिच्या शेपटीमागून जाताना मी बोलते.
आले हं. डावीकडून आले.
काचा बंद असतात दोन्हीकडच्या.
तरी.