मुदत

एक तारखेला पेन्शन जमा होते:
दोन हजार नऊशे अठरा.
एवढ्यात बरासा मायक्रोमीटरही मिळत नाही.
पस्तीस वर्षं तेच हाताळलं, मला भाव माहीत आहे.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार
भोसरीच्या त्याच टूलरूममध्ये रोजावर जातो,
गेज तपासायला,
गळ्यात पाहुण्याचं कार्ड घालून.
गेटवरचा पोरगा दर वेळी विचारतो,
"कुणाला भेटायचंय, काका?"

वैजयंती घरी बसून मोडी वाचते.
वकील झेरॉक्स पाठवतात, ती बाळबोधीत उतरवते,
पानाला इतके रुपये.
बहुतेक कागद कर्जाचेच असतात.
कुणाच्या खापरपणजोबाने कुणाकडून काढलेले
एकशे वीस रुपये,
त्यांवर आमचं महिन्याचं दूध भागतं.

आमचं कर्ज देवनागरीत आहे.
मंदारने वाकडला घाण्याच्या तेलाचं दुकान काढलं,
अठरा महिने चाललं,
आणि धायरीचा हा फ्लॅट, फेडून मोकळा केलेला,
पुन्हा बँकेच्या कपाटात जाऊन बसला.
करडईच्या तेलाचे चौदा डबे उरले.
दीड वर्षं आम्ही सगळ्या भाज्या करडईत केल्या,
चकल्यासुद्धा.
कुणी काही बोललं नाही.

मंदार रविवारी येतो, दोन हजार देतो.
ती वहीत लिहिते: मंदार, जमा.
तो वहीकडे बघत नाही.
मी त्याच्याकडे बघत नाही.
मग क्रिकेट लावतो.

पेपर समोरच्या काटदऱ्यांबरोबर अर्धा केलाय:
शब्दकोडं त्यांचं, बाकीचा आमचा.
गीझर आठ मिनिटं.
मुद्दलापेक्षा व्याज गोड, असं म्हणणाऱ्याने
नातवंडं पाहिली असतील,
हप्त्याचा तक्ता पाहिला नसणार.
अकरा हजार चारशेतले चार हजार आठशे
नुसते व्याजाच्या घशात.
उरलेला आकडा ती लाल पेनाने लिहिते
आणि त्याखाली रेघ मारते, पट्टी न लावता.
रेघ वाकडी येते. मला दिसतं.
दोन मायक्रॉनवर आयुष्य काढलेला माणूस मी,
पट्टी पुढे करत नाही.

या महिन्यात भिशी लागली,
सासवडच्या दाव्याचे थकलेले पैसे आले,
थोडं इकडून, थोडं तिकडून,
नव्वद हजार.
दोघं मिळून बँकेत गेलो.
काउंटरवरच्या मुलीने आकडे टाकले,
मान वर न करता विचारलं,
"हप्ता कमी करायचा, काका, की मुदत?"

मी चष्मा पुसू लागलो.
बासष्ट पूर्ण. साखर काठावर.
मागच्या पावसाळ्यात आमच्या बॅचचे दोघे गेले,
एकाचं तर काही थकलेलंही नव्हतं.
प्रश्न सोपाच होता.
चष्म्यावरचा डाग निघत नव्हता.

वैजयंती मागून म्हणाली,
"मुदत कमी कर गं बाई.
कर्जाची.
ह्यांची राहू दे आहे तेवढी,
अजून माळा आवरायचाय."

एक बटण दाबलं,
तेरा महिने गेले.
आवाजही झाला नाही.
अडुसष्टाव्या वर्षी फिटणार होतं,
आता सदुसष्टाव्या.
छापलेला कागद घेऊन मी तो उगाच
उजेडात धरून पाहिला,
गेज धरतो तसा.

परतीच्या बसमध्ये खिडकी तिला दिली.
दांडेकर पुलाच्या पुढे सिग्नलला अडकलो,
तिने पिशवीतून झेरॉक्स काढली
आणि ओठ हलवत वाचू लागली:
शके अठराशे सात, कार्तिक,
व्याज दरमहा शेकडा एक,
मुदत...
"हे अक्षर लागत नाहीये," म्हणाली,
कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"फेडलं का त्याने?" मी विचारलं.

"पुढचं पान वकिलाकडे आहे."