नादकाटा

चाळीस वर्षं वाल्पाराइसोच्या टेकड्यांवर
मी पियानो जुळवत हिंडलो.
नादकाटा गुडघ्यावर आपटायचा,
लाकडाला टेकवायचा, कान द्यायचा.
परवा तसलाच एक
यास्नाने माझ्या अंगठ्याला लावला.
नावात काटा, पण टोचेना.

"कंप थांबला की सांगा, मास्तर."
बराच वेळ मी डोळे मिटून गप्प.
मग म्हणालो, आत्ता थांबला.
ती म्हणाली, "हे कानांनी सांगितलंत.
पायावरून मी तो केव्हाच उचललाय."

साखर रक्तात, मुंग्या पायांत:
एवढं तरी नीट जुळलं होतं.
मुंग्यांनंतर आग. आगीनंतर काहीच नाही.
मार्चमध्ये बुटात खिळा घेऊन दिवसभर फिरलो,
रात्री मोजा लाल निघाला.
मिरेया ओरडली नाही.
बूट उलटे करून झटकले तिने,
तेव्हापासून रोज झटकते.

यास्नाने गोळ्या वाढवल्या नाहीत.
पायऱ्या दिल्या. आठवड्यातून पाच दिवस.
शिवाय दात घासताना एका पायावर उभं राहायचं,
जमिनीवरचा टॉवेल बोटांनी ओढायचा.
मी विचारलं, तारा तुटल्यात की नुसत्या उतरल्यात?
"काही तुटल्यात. काही उतरल्यात.
चालल्याशिवाय कळायचं नाही कुठल्या."

मेट्रोनोम खिशात, शहाण्णववर लावलेला.
एकशे सतरा पायऱ्या.
चाळिसाव्या पायरीवर एक पिवळा कुत्रा, वाट देत नाही.
एप्रिलभर मी डोळ्यांनी चाललो,
बहिरा माणूस ओठ वाचतो तसा.
जूनमध्ये धुकं उतरलं, पायरी दिसेना,
सत्तरीवर कठडा धरून बसलो.
कुणाचा तरी पोरगा पाव घेऊन चालला होता,
त्याने हात पुढे केला.
मला नको होता. घेतला.

ऑगस्टात यास्नाने आधी
माझ्या कानांत कापूस कोंबला.
डाव्या पायात काही नाही.
उजव्यात
दोन घरं पलीकडे कुणीतरी
खालचा सूर दाबून धरल्यासारखं.
चार सेकंद. मी मोजले.
तिनेही मोजले होते, तिचे तीन झाले.

उतरताना उजव्या बुटात काहीतरी टोचलं.
कुत्र्याशेजारी बसून बूट काढला:
खडा, मसुरीएवढाही नाही.
घरी मिरेयाला तळहातावर दाखवला.
तिने तो उजेडात धरून पाहिला,
ओट्यावर ठेवला,
आणि माझा डावा बूट उलटा केला.