गाठी

पेम्बाच्या पूर्वेला समुद्र दिवसातून दोनदा
मैलभर मागे सरतो,
आणि त्यानं सोडलेल्या वाळूत बायका
खुंट्यांच्या दोरीला शेवाळ बांधत बसतात.

रात्री भरतीबरोबर लुवे येतं.
पुढचे पर गुडघ्यांसारखे दुमडून
रांगत चरतं, म्हशीच्या सबुरीनं,
फाटक्या ओठानं चाचपून, मुळाशी कापून.
कपाळावरच्या फटीतून एक सुस्कारा,
की पुन्हा खाली मान.

"मेल्याचं पोट आहे की विहीर?"
म्वानाखेरी म्हणते.
तिच्या दोऱ्या सगळ्यांत खोल पाण्यात.

अमावस्येच्या उधाणाला
पाणी नेहमीपेक्षा लांब गेलं, घाईत गेलं,
आणि एक पिल्लू राहिलं खुंट्यांमध्ये,
पाठीला ऊन चिकटलेलं.
तिनं आधी शिव्या दिल्या, येत होत्या तेवढ्या सगळ्या.
मग खांद्यावरची कांगा भिजवून त्याच्यावर पांघरली
आणि डबक्यातनं बादल्या आणत राहिली.
त्याच्या गुडघ्यांना घट्टे होते.
तिनं आपले खाजवले.

पिल्लू पडल्या पडल्या
तिचीच दोरी चघळत होतं.
"खा, खा. लाजू नकोस."

दुपारी पाणी आलं, घोट्याला, मग पोटरीला.
जाताना पिल्लानं मागे वळून पाहिलं नाही.
कांगाही घेऊन गेलं.

शनिवारी काट्यावर हमादी म्हणाला,
चार किलो कमी.
"गाठी सैल राहिल्या," ती म्हणाली,
आणि शेजारणीकडून मागून आणलेली कांगा
डोक्यावर नीट ओढून
पैसे दोनदा मोजून घेतले.